राखणीचा कुत्रा आणि मेंढरांचा वाडा : प्रस्तावना

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील मेंढपाळ जीवनाविषयी गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत बरेच लिहिले गेले आहे. त्यात मेंढी आहे, धनगर समाज आणि त्याच्या पोटशाखा आहेत, त्यांचे देव, ओव्या आणि वाटा आहेत. वाड्याभोवती रात्रभर जागणारा कुत्रा मात्र या लेखनात क्वचित, आणि तोही एखाद्या वाक्यापुरताच येतो. येथे वाडा हा शब्द मेंढपाळांच्या अर्थाने घ्यायचा आहे : एकत्र फिरणारी काही कुटुंबे, त्यांची मेंढरे, ओझ्याची घोडी, कोंबड्या आणि कुत्रे यांचा मिळून जो फिरता तळ होतो, तो वाडा. या तळात राखणीसाठी वाढवले जाणारे पिल्लू, आणि त्याच्या वाढीच्या पहिल्या दोन वर्षांत उलगडत जाणारा मेंढपाळांचा दिनक्रम, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. राखणीचा कुत्रा रक्ताने जितका ठरतो त्याहून कितीतरी अधिक तो वाड्यात, कोकरांच्या सहवासात आणि घरातल्या बाईच्या हातून घडतो, ही या ग्रंथामागची मुख्य धारणा आहे.

या विषयाचा भूगोल समजून घेण्यासाठी मेढा हे ठिकाण विशेष उपयोगी पडते. जावळी तालुक्याचे हे मुख्य गाव वेण्णा नदीच्या खोऱ्यात, महाबळेश्वर आणि सातारा यांच्या मध्ये वसले आहे. त्याच्या वायव्येला महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकाठी पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेला शे-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या माण तालुक्यातील म्हसवडच्या परिसरात तो जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. पावसाच्या या उतरंडीवरच जनावरांची वाटणी झालेली आहे. जावळीच्या डोंगरमाथ्यांवर आणि कोयनेच्या खोऱ्यात गवळी धनगर राहतात. त्यांचे धन म्हशी आणि गाई. मेंढी त्यांच्याकडे का नाही, याचे उत्तर पावसात आहे : सतत ओल्या जमिनीवर मेंढीचे खूर कुजतात, भिजलेली लोकर वाळत नाही आणि पोटात जंत होतात. याउलट माण, खटाव, फलटण, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जत या अवर्षणप्रवण पट्ट्यात गवत तुटपुंजे असले तरी जमीन कोरडी असते, आणि तेथे हटकर, खुटेकर इत्यादी शाखांच्या धनगरांनी शतकानुशतके मेंढी जोपासली. मेढा या दोन जगांच्या सीमेवर, किंबहुना ओल्या जगाच्या उंबरठ्यावर आहे. कुत्रा दोन्हीकडे आहे, पण त्याचे काम वेगळे आहे. डोंगरात त्याला बिबट्या आणि जंगल यांच्याशी गाठ घ्यावी लागते, माळावर लांडग्याशी.

या कोरड्या पट्ट्यातील, माणदेशातील मेंढपाळाचे वर्ष पावसाळा संपताना सुरू होते असे म्हटले तरी चालेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास वाडे गाव सोडतात आणि कृष्णाकाठ, पुणे जिल्हा, कोल्हापूरकडील मुलूख किंवा घाट उतरून कोकण अशा पश्चिमेकडील पट्ट्यांत फिरतात. ज्वारी-बाजरीची कापणी झालेल्या रानांत मेंढरे चरतात, रात्री तेथेच बसतात, आणि त्यांच्या लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. मेंढरे शेतात बसवण्याचा हा व्यवहार म्हणजे मेंढपाळ आणि कुणबी यांच्यातील जुना करार असून, तो कागदावर नसला तरी वर्षानुवर्षे त्याच घरांशी पाळला जातो. पहिला वळीव पडला की वाडे परतीच्या वाटेला लागतात, कारण काळ्या जमिनीतील चिखल मेंढीला मानवत नाही. या वाटेवर बिऱ्हाड घोड्यावर असते. भांडी, अंथरुणे, रात्री मेंढरांभोवती लावायची वाघर म्हणजे सुताचे जाळे, त्यावर एखादे लहान मूल, चालू न शकणारी कोकरे, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि ज्याचे डोळे उघडून फार दिवस झालेले नाहीत असे कुत्र्याचे पिल्लू. पिल्लाची मेंढीशी ओळख अशी एकाच ओझ्यावर, कोकराच्या अंगाला अंग लावून होते.

दिवसाचा क्रमही येथे थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण पिल्लाचे शिक्षण या क्रमापासून वेगळे काढता येत नाही. दव वाळेपर्यंत मेंढरे सोडली जात नाहीत. ओल्या गवतातून पोटाचे विकार आणि जंत होतात, हे मेंढपाळ जाणतो. तोपर्यंत कोकरे आयांना पितात, लंगडणारी मेंढी धरून तिचा खूर पाहिला जातो, गोचीड काढले जातात. मग मेंढका, म्हणजे कळपामागे जाणारा पुरुष किंवा पोरगा, काठी आणि घोंगडे घेऊन निघतो आणि थोराड कुत्रे त्याच्या पुढेमागे चालू लागतात. वाडा मागे राहतो तो बायकांच्या ताब्यात. तळ हलवायचा असेल तर तो त्याच हलवतात. नसेल तर पाणी, सरपण, भाकऱ्या, आजारी जनावर आणि मागे ठेवलेली कोकरे त्यांच्याकडे असतात. संध्याकाळी कळप परतला की काही वेळ असा कालवा उठतो की माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. प्रत्येक कोकरू आपली आई आणि प्रत्येक मेंढी आपले कोकरू शोधत असते, आणि जिला कोकरू सापडले नाही तिच्याकडे बाईचे लक्ष जाते. यानंतर वाघर लागते, आणि कुत्रे तिच्या बाहेर आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन बसतात. त्यांना कोणी बसवत नाही.

मेंढपाळीच्या अभ्यासाची सुरुवात, इतर अनेक विषयांप्रमाणे, वसाहतकालीन नोंदींपासून होते. सातारा जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८५ साली प्रसिद्ध झाले आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यातील जातीजमातींवरील खंड आले. या नोंदींना प्रशासनाची गरज होती. त्यामुळे पोटजाती, धंदे आणि चालीरीती यांची यादी त्यांत भरपूर आहे, पण मेंढरे राखताना माणूस नेमके काय करतो हे फारसे नाही. स्वातंत्र्यानंतर दृष्टी बदलली. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ मधील आपल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात पश्चिम महाराष्ट्रातील देवस्थाने आणि पशुपालकांच्या प्राचीन वाटा यांचा संबंध जोडून दाखवला. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या वाड्यांवर जाऊन ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरील त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मनमध्ये निघाला आणि पुढे १९८९ मध्ये अॅन फेल्डहाउस यांनी तो इंग्रजीत आणला. सोंथायमर यांच्याकडील ध्वनिमुद्रणांवर आधारलेल्या बिरोबा आणि धुळोबा यांच्या दोन प्रदीर्घ कथा फेल्डहाउस यांनी रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांच्या सहकार्याने २०१४ मध्ये प्रसिद्ध केल्या. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ च्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये विठ्ठलाचे नातेच गोपजनांच्या दैवताशी जोडले. या धारेने मराठी संस्कृतीकडे पाहण्याची दिशा बदलली आणि पशुपालकाला समाजाच्या कडेवरून उचलून मध्यभागी आणले, हे तिचे ऋण मोठे आहे.

दुसरी धारा पर्यावरणाची. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ मध्ये गवळी धनगरांच्या जीवनपरिस्थितीवर जो निबंध लिहिला, त्यात एका पशुपालक जातीने निसर्गातील कोणती जागा धरली आणि ती जागा आक्रसल्यावर तिचे काय झाले, याची मांडणी आहे. मेढ्याच्या परिसरातील डोंगरवस्त्या समजून घेण्यास तो आजही पायाभूत आहे. तिसरी धारा पशुविज्ञानाची. फलटण येथे १९६८ साली स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीचा संकर सुंदरबनातील गारोळ या लहानखुऱ्या, पण जुळी देणाऱ्या मेंढीशी केला आणि बहुप्रसवतेचे एक जनुक टप्प्याटप्प्याने दख्खनी वाणात आणले. ‘नारी सुवर्णा’ ही त्याची फलश्रुती. १९७८ साली स्थापन झालेल्या राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे माण तालुक्यात दहिवडीला आणि कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणीला आहेत. याच पट्ट्यात जत तालुक्यातील माडग्याळ गावच्या नावाने ओळखली जाणारी, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली, उंच आणि लवकर वजन धरणारी मेंढी मांसासाठी लोकप्रिय झाली, आणि घोंगडीला लागणारी काळी, भरड लोकर देणारी दख्खनी मेंढी मागे हटू लागली. या सर्वांबरोबर साहित्याची एक वाट आहे. आटपाडी तालुक्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांची १९५५ ची ‘बनगरवाडी’ वाचल्याशिवाय या मुलखात पाऊल टाकू नये, असे निःसंकोच म्हणता येईल.

कुत्र्याचा शास्त्रीय अभ्यास यापेक्षा निराळ्या मार्गाने आला, आणि तो मराठीत जवळजवळ आलाच नाही. जगातील मेंढपाळी कुत्र्यांचे दोन मोठे वर्ग मानले जातात. पहिला वर्ग हाकणाऱ्या कुत्र्यांचा. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमाभागातील बॉर्डर कोली हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. धन्याच्या शिट्टीवर तो मेंढरांना वळवतो, एकत्र आणतो, फाटकातून आत घालतो. दुसरा वर्ग राखणाऱ्यांचा. तुर्कस्तानचा कंगाल, इटलीचा मारेम्मा, हिमालयातील गद्दी मेंढपाळांचा कुत्रा. तो मेंढरांना हाकत नाही, त्यांच्यात राहतो आणि शिकारी जनावराच्या आड येतो. दोघांतील भेदाचे मूळ शिकारीच्या क्रियेत आहे. नजर रोखणे, दबा धरणे, पाठलाग करणे आणि चावा घेणे हा लांडग्याच्या शिकारीचा क्रम. हाकणाऱ्या कुत्र्यात माणसाने यातील आरंभीचे टप्पे जोपासले आणि चावा दाबला, तर राखणाऱ्या कुत्र्यात हा सगळाच क्रम मंद ठेवला. धनगरांचा कुत्रा दुसऱ्या वर्गातला आहे. ब्रिटिश चित्रपटांतून मेंढपाळी कुत्र्याची कल्पना करून घेतलेल्या वाचकाने हे ध्यानात ठेवले नाही, तर माळावर बसून राहिलेला कुत्रा त्याला आळशी वाटेल.

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ मध्ये दीर्घ प्रयोगांच्या आधारे दाखवले की पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ निर्णायक असतो; या अवधीत ज्यांच्या सहवासात ते राहते त्यांना ते आपले मानते. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये युरोप व तुर्कस्तानातून आणलेल्या जातींची पिल्ले शेतकऱ्यांच्या कळपांत वाढवून हे तत्त्व राखणीला लावले, आणि चांगल्या राखणदाराचे तीन गुण सांगितले : मेंढीला इजा न करणे, तिच्यावर लक्ष ठेवणे आणि परक्या जनावराला अडवणे. या ग्रंथाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दुवा मात्र १९८१ मध्ये हॅल ब्लॅक यांनी नोंदवलेला आहे. अमेरिकेच्या नैऋत्येतील नाव्हाहो मेंढपाळांकडे कोणतीही नामांकित जात नव्हती. मिश्र रक्ताची गावठी पिल्लेच ते लहानपणापासून मेंढरांत ठेवीत आणि ती उत्तम राखण करीत. माणदेशातील कुत्र्यालाही नाव नाही. मुधोळ किंवा कारवानी या नावाने ओळखला जाणारा, दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात प्रतिष्ठा पावलेला शिकारी कुत्रा वेगळा. त्याची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे २०२० मध्ये नोंद झाली. वाड्यावरचा कुत्रा कोणत्याच नोंदीत नाही, आणि म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही.

पिल्लू सहसा वाड्यातल्याच कुत्रीचे किंवा सोयऱ्यांच्या वाड्यावरून मागून आणलेले असते. निवडताना आईकडे पाहिले जाते. ती रात्री जागते का, कोकरावर तोंड टाकते का, हे ठाऊक असल्याशिवाय तिच्या पिल्लाला हात लावला जात नाही. दिवसा ते मागे ठेवलेल्या कोकरांत असते. दोन्ही जनावरे लहान, दोघांनाही ऊब हवी, त्यामुळे ती एकमेकांना बिलगून झोपतात आणि मेंढीचा वास पिल्लाच्या दृष्टीने घराचा वास होतो. त्याला ताकात किंवा दुधात कुस्करलेली भाकरी मिळते ती बाईच्या हातून, आणि तीही कळपाजवळच. चुलीपाशी खायला घातलेला कुत्रा चुलीची राखण करतो, मेंढरांची नाही, असे या जीवनाशी परिचित असलेल्या कोणालाही पटेल. माणसाची माया आवश्यक आहे, कारण आजारात त्याला धरता आले पाहिजे. पण अति लाडाने कळप सुटतो. हे माप सांभाळणे हीच या विद्येतील अवघड गोष्ट, आणि ती मुख्यतः स्त्रियांच्या हाती आहे. आजवरच्या अभ्यासकांनी बहुधा कळपामागे जाणाऱ्या पुरुषांशी बोलून माहिती गोळा केली, त्यामुळे दिवसभर वाड्यावर काय घडते ते त्यांच्या नजरेतून निसटले. कुत्र्याविषयीचे मौन काही अंशी यातूनही आले असावे.

चौथ्या-पाचव्या महिन्यापासून परीक्षेचा काळ सुरू होतो. अंगात जोर येतो, खेळायला सोबती हवा असतो, आणि पिल्लू कोकरांच्या मागे धावू लागते, कान ओढते, लोकर धरते. यात दुष्टपणा नाही, पण एक कोकरू दमून मेले तर नुकसान खरे असते, आणि पाठलागाची गोडी लागलेला कुत्रा पुढे निरुपयोगी होतो. या वयात त्याला पाठीशी घालणाऱ्यापेक्षा एखादी खट मेंढी चांगला गुरू ठरते; तिने डोक्याने दोनदा उडवून लावले की पिल्लू मान खाली घालून, अंग चोरून मेंढरांतून चालायला शिकते. राखणीच्या कुत्र्याची ही नम्र चाल जगभर सारखी दिसते. उरलेले शिक्षण थोराड कुत्र्यांकडून होते : कोणत्या आवाजाला भुंकायचे, कोणत्या वासाला उठायचे, किती अंतर पाठलाग करून परतायचे. परतणे विशेष महत्त्वाचे, कारण लांडगे जोडीने किंवा टोळीने येतात आणि एकाच्या मागे लागून दूर गेलेला कुत्रा दुसऱ्याला वाट मोकळी करून देतो. दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत त्याच्यावर एकट्याने भार टाकला जात नाही.

आरोग्याचा विषय ग्रंथात जाणीवपूर्वक विस्ताराने घेतला आहे, कारण येथे परंपरेचे ज्ञान अपुरे पडते. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या काही पट्टकृमींचे अर्धे आयुष्य मेंढीच्या शरीरात जाते. एकाच्या गाठी मेंढीच्या मेंदूत होऊन ती गरगर फिरू लागते. दुसऱ्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी वाढतात. मेलेल्या मेंढीचे कच्चे डोके किंवा काळीज-फुफ्फुस कुत्र्याला टाकणे हा या चक्राचा दुवा आहे आणि तो तोडणे सोपे आहे : डोके आणि काळीज-फुफ्फुस पुरावे किंवा शिजवून घालावे, आणि कुत्र्याला ठरावीक काळाने जंताचे औषध द्यावे. पिसाळण्याविरुद्धची लस पिल्लाला तीन महिन्यांच्या सुमारास मिळाली पाहिजे. फिरत्या वाड्याला ती कुठल्या गावच्या दवाखान्यात आणि कोणत्या तारखेला मिळणार, हा प्रश्न अजून व्यवस्थेने गंभीरपणे घेतलेला नाही.

खंडोबाच्या पायाशी किंवा घोड्याजवळ कुत्रा असतो, हे जेजुरीला किंवा कऱ्हाड तालुक्यातील पालीला गेलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. खंडोबाने धनगर कन्या बाणाईसाठी तिच्या घरी मेंढरे राखली, अशी कथा आहे. देवालाही मेंढका व्हावे लागले. सांगली जिल्ह्यातील आरेवाडीचा बिरोबा, म्हसवड आणि खरसुंडीचा सिद्धनाथ ही या पट्ट्यातील मेंढपाळांची मोठी दैवते. कुत्र्याला वाड्यावर मिळणारा मान यांच्याशी किती जोडलेला आहे, याची चर्चा ग्रंथात आहे, पण त्यात धर्मभावनेचा अतिरेकी अर्थ काढण्याचे टाळले आहे.

हा विषय आजच का, याची कारणे माळावरच दिसतात. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांत पोहोचले. ते न्याय्यच होते आणि त्याची वाट लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली होती. पण त्याबरोबर पडीक रानांची जागा ऊस, द्राक्ष आणि डाळिंबाने घेतली. उसाबरोबर बिबट्या सपाटीवर उतरला, आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य. लांडग्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च संरक्षण आहे, पण त्याचे घर असलेला माळ अनेकदा कागदोपत्री ‘पडीक’ म्हणूनच नोंदलेला असतो. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराची उदाहरणे जनुकीय तपासणीतून पुढे आली आहेत. गावाबाहेर मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांच्या झुंडी लांडग्याला रोग आणि रक्त दोन्ही देत आहेत. पश्चिमेला कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि मेढ्याच्या दक्षिणेला असलेल्या कास पठारावर चराई आणि कुंपण यांवरून वाद झडले. या प्रत्येक ठिकाणी पशुपालक आणि त्याचा कुत्रा उपद्रवी ठरवले जातात. राखणीला वाढवलेला, कळपाशी बांधलेला कुत्रा आणि मोकाट झुंड यांत फरक न करणे ही धोरणातील मोठी चूक आहे. राखणदार कुत्रा असला की मेंढपाळाचे नुकसान घटते, आणि नुकसान घटले की लांडग्यावर विष घालण्याची वेळ येत नाही; लांडग्याच्या संरक्षणाचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण पंचनाम्यासाठी एका जागी थांबणे फिरत्या वाड्याला परवडत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे म्हणून जाहीर केले. त्या निमित्ताने तरी हा फरक शासनदरबारी नोंदला जावा.

प्रस्तुत ग्रंथ कुत्रे पाळण्याचे हस्तपुस्तक नाही, आणि धनगर समाजाचा इतिहासही नाही. दसऱ्याच्या आसपास जन्मलेले पिल्लू वाड्याबरोबर दोनदा जाऊन परत येईपर्यंतच्या काळाला त्याने आपला कणा मानले आहे, आणि लोकर, लेंडीखत, बाजार, देव, रोग, लांडगा हे सर्व विषय त्या कण्याला जोडून घेतले आहेत. लोणंदच्या बाजारातील भाव आणि पट्टकृमीचे जीवनचक्र शेजारी येतात ते यामुळे. बाहेरच्या शास्त्राची परिभाषा जेथे खरोखर उजेड पाडते तेथेच वापरली असून, वाड्यावरचा शब्द उपलब्ध असताना तोच स्वीकारला आहे. व्यक्तींची आणि वाड्यांची नावे वगळली आहेत, कारण कुठल्या रानात कोण आणि केव्हा बसते ही माहिती आज मेंढपाळाच्या विरोधातही वापरली जाऊ शकते. जावळीच्या डोंगरातील गवळी धनगरांच्या कुत्र्यांना वेगळी जागा दिली आहे. तेथे मेंढी नाही, तरीही म्हशीच्या पारड्यांबरोबर वाढलेले पिल्लू तसेच राखणदार होते का, या प्रश्नावर राखण घडवली जाते या धारणेची कसोटी लागते. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी मेढ्याहून सोयीचे ठिकाण नाही, कारण येथून एका दिवसात गवळी धनगरांच्या डोंगरवस्त्या आणि मेंढरांचे वाडे दोन्ही पाहता येतात.